एअरबॉक्समधले तेल : इंजिनाच्या श्वासाची तपासणी

पावसाळ्याच्या तोंडावर डिचोली किंवा म्हापशातील कोणत्याही गॅरेजात दुचाकीच्या एअर फिल्टरचा डबा उघडला, की अनेकदा तळाशी काळपट तेल साचलेले दिसते. फिल्टरचा कागद कडेने भिजलेला असतो आणि कार्ब्युरेटरकडे किंवा थ्रॉटल बॉडीकडे जाणाऱ्या रबरी नळीत तेलाचा ओशट थर असतो. जिथून केवळ हवा जायची तिथे तेल आले कुठून, हा प्रश्न मालकाला पडणे साहजिक आहे. त्याला मिळणारी उत्तरे मात्र दोन टोकांची असतात. एक म्हणजे, ‘इंजिन उतरले, बोअर करून रिंग-पिस्टन बदलावे लागतील.’ दुसरे म्हणजे, ‘काही नाही, नळी काढून बाहेर सोडून देऊ.’ पहिल्या उत्तराने खिशाला नाहक भोक पडू शकते आणि दुसऱ्याने चांगले इंजिन हळूहळू खराब होऊ शकते. म्हणून हे तेल कोणत्या वाटेने येते आणि ते काय सांगत असते, हे समजून घेणे हिताचे आहे.

वाट गुपित नाही. कारखान्यानेच ती करून दिलेली असते. इंजिनाच्या खालच्या बंद कप्प्याला क्रँककेस म्हणतात. तिथे क्रँक फिरतो आणि तेलाचा साठा असतो. या कप्प्यापासून किंवा वरच्या हेडपासून एक रबरी नळी निघते आणि एअर फिल्टरच्या डब्याला, म्हणजे एअरबॉक्सला जोडलेली असते. तिला ब्रीदर पाइप म्हणतात. इंजिनाच्या पोटातली कोंडलेली हवा बाहेर पडण्याची ती जागा.

हवा कोंडण्याची कारणे दोन. पिस्टनच्या वर पेट्रोलचा स्फोट होतो तेव्हा दाबाखालचा वायू रिंगांच्या कडेने थोडाफार खाली निसटतोच. रिंग कितीही नवी असली तरी तिच्या दोन टोकांमध्ये बारीक फट ठेवावीच लागते, कारण तापल्यावर धातू प्रसरण पावतो. त्या फटीतून निसटलेल्या वायूत अर्धवट जळलेले पेट्रोल, काजळी आणि पाण्याची वाफ असते. दुसरे कारण पिस्टनच्या हालचालीतच आहे. एका सिलिंडरच्या गाडीत पिस्टन खाली आला, की त्याच्या खालची तितकीच हवा दाबली जाते आणि वर गेला की ती परत ओढली जाते. शंभर सीसीचे इंजिन मिनिटाला सहा हजार फेरे फिरत असेल, तर ही ढकलाओढ सेकंदाला शंभर वेळा होते. दर खेपेला शंभर सीसी, म्हणजे सेकंदाला जवळजवळ दहा लिटर हवा मागेपुढे हलते. तीनशे पन्नास सीसीच्या बुलेटमध्ये फेरे कमी असले तरी प्रत्येक हिसका त्याच प्रमाणात मोठा असतो. चार सिलिंडरच्या मोटारीत दोन पिस्टन वर जाताना दोन खाली येतात आणि हा परिणाम बराचसा आपसात मिटतो. आपल्याकडच्या बहुसंख्य दुचाकींना ती सोय नाही.

(जुन्या टू-स्ट्रोक गाड्यांना, उदाहरणार्थ यामाहा आरएक्स १०० ला, हा प्रश्नच नव्हता. तिथे क्रँककेस हीच ताज्या मिश्रणाची वाट असते आणि तेल पेट्रोलबरोबर जळून जाते. त्यामुळे आरएक्सवर हात बसलेल्या काही जुन्या कारागिरांना ब्रीदर पाइप ही उगाच जोडलेली नळी वाटते.)

क्रँककेसमध्ये तेलाचे तुषार सतत उडत असतात. बाहेर पडणारी हवा त्यांतले काही बरोबर नेते. ते मागे राहावेत म्हणून वाटेत आडभिंतींचा एक छोटा चक्रव्यूह केलेला असतो. हवा वळणे घेते, जड थेंब भिंतीला आपटून एकत्र येतात आणि परत खाली ओघळतात. तरीही जे अगदी सूक्ष्म कण निसटतात, ते थंड एअरबॉक्समध्ये पोचल्यावर भिंतींवर बसतात. आतल्या बाजूला पातळसा ओशट थर असणे, तळाच्या निचऱ्याच्या नळीत काही हजार किलोमीटरनंतर चमचाभर काळे पाणीवजा तेल मिळणे, हे निरोगी इंजिनाचेही लक्षण आहे. त्यासाठी इंजिन उघडण्याची काही गरज नाही.

मग ही घाण सरळ बाहेरच का सोडत नाहीत? एकेकाळी सोडत असत. ओतीव लोखंडी इंजिनाच्या जुन्या बुलेटच्या श्वासनळीला चोचीसारखी रबरी झडप असे आणि ती उघड्यावरच उच्छ्वास टाकी. अशा गाड्यांखाली पडलेले तेलाचे डाग आजही अनेक अंगणांच्या आठवणीत असतील. मोटारींच्या बाबतीत कॅलिफोर्नियाच्या धुरकट हवेचा शोध घेताना असे आढळले, की नियंत्रण नसलेल्या गाडीतून बाहेर पडणाऱ्या हायड्रोकार्बनचा सुमारे पाचवा हिस्सा सायलेन्सरमधून नव्हे, तर क्रँककेसच्या या उच्छ्वासातून येतो. १९६१ च्या मॉडेलपासून तिथे विकल्या जाणाऱ्या नव्या मोटारींत हा वायू परत इंजिनात ओढून जाळण्याची व्यवस्था सुरू झाली. आपल्याकडे १ एप्रिल २०२० पासून लागू झालेल्या बीएस-६ मानकांतही दुचाकीच्या क्रँककेसमधून वायू बाहेर सुटता कामा नये अशीच अट आहे. एअरबॉक्सला जोडलेली ती नळी म्हणजे या अटीची पूर्तता.

आता आपल्या परिसराकडे वळू. केळबाय देवीचे मुळगाव डिचोली तालुक्यात खाणपट्ट्याला लागून आहे. २०१२ मध्ये खाणी थांबल्या, पुढे सुरू होऊन २०१८ च्या मार्चमध्ये पुन्हा थांबल्या आणि २०२४ मध्ये डिचोलीच्या लिलाव झालेल्या पट्ट्यात उत्खननाला परत सुरुवात झाली. मुळगावची काही जमीन याच पट्ट्यात येते. शेत, तळी, घरे यांच्यावर खाणीचा काय परिणाम होतो याची चर्चा गावात पिढ्यान्‌पिढ्या चालू आहे आणि ती या लेखाचा विषय नाही. पण दारात उभी असलेली दुचाकीही तीच हवा आत घेते. इथल्या खनिजातील हेमॅटाइट आणि त्याच्या सोबतीच्या खडकातील क्वार्ट्झ, दोन्हींचे कण कठीण असतात. त्यातील क्वार्ट्झ तर सिलिंडरच्या ओतीव लोखंडापेक्षाही कठीण. रिंग आणि सिलिंडर यांच्यामधील तेलाची फिल्म मीटरच्या दशलक्षांश भागांत मोजावी लागते. तेवढ्या जागेत शिरलेला एक बारीक कण पॉलिश कागदासारखे काम करतो.

धूळ दोन प्रकारे एअरबॉक्समधले तेल वाढवते आणि हे दोन्ही प्रकार सहसा कोणी एकत्र जोडून पाहत नाही. पहिला तात्काळ आहे. फिल्टर धुळीने भरला की इंजिनाला हवा ओढायला जोर लावावा लागतो आणि फिल्टरच्या पुढच्या, म्हणजे इंजिनाकडच्या स्वच्छ बाजूला निर्वात वाढतो. बऱ्याच गाड्यांत ब्रीदर पाइप याच बाजूला उघडतो. साहजिकच नळीतून अधिक वायू आणि त्याबरोबर अधिक तेल ओढले जाते. ते तेल फिल्टरच्या कागदावर बसले तर कागद आणखी चोक होतो, निर्वात आणखी वाढतो आणि चक्र सुरू राहते. अशा गाडीत केवळ नवा फिल्टर बसवल्याने तेल येणे निम्म्यावर आलेले दिसू शकते. इंजिनाला हात लावण्याआधी हा शेपाचशे रुपयांचा उपाय करून पाहायला काय हरकत आहे?

दुसरा प्रकार संथ आणि महाग. फिल्टर फाटलेला असेल, त्याची कडा नीट बसलेली नसेल किंवा रबरी नळीची क्लिप सैल असेल, तर धूळ सरळ सिलिंडरमध्ये जाते. रिंगा झिजतात, अधिक वायू खाली निसटतो, क्रँककेसचा दाब वाढतो आणि एअरबॉक्स तेलाने भरू लागतो. याची एक साधी परीक्षा आहे. फिल्टर काढल्यावर त्याच्या मागच्या स्वच्छ बाजूला, इंजिनाकडे जाणाऱ्या नळीच्या तोंडात, स्वच्छ बोट फिरवावे. बोटाला नुसते काळपट तेल लागले तर काळजी नाही. पण ते तेल लालसर असेल आणि अंगठ्यावर चोळल्यावर कचकच जाणवत असेल, तर त्या दिवशी गाडी फिल्टर दुरुस्त झाल्याशिवाय चालवू नये. तेलाच्या ओशटपणाने धुळीला पकडून ठेवलेले असते, म्हणूनच हा पुरावा मिळतो. बाहेरच्या बाजूला लाल चिखलाचा लेप दिसणे मात्र फिल्टर आपले काम करत असल्याची खूण आहे.

फिल्टरविषयी एक सवय बदलायला हवी. अनेक नव्या दुचाकींत चिकट द्रव लावलेला कागदी फिल्टर असतो. त्याचा चिकटपणा हेच त्याचे काम. तो हवेच्या नळीने फुंकणे किंवा पेट्रोलने धुणे म्हणजे तो बाद करणेच. कंपनीच्या पुस्तिकेत तो साफ करू नये, बदलावा, असे स्पष्ट लिहिलेले असते. किती किलोमीटरनंतर, याचा आकडाही असतो; पण त्याच तक्त्याखाली बारीक अक्षरांत धुळीच्या किंवा ओल्या भागात तो अधिक लवकर पाहावा असेही म्हटलेले असते. खनिजाचे ट्रक धावणाऱ्या रस्त्याकाठच्या माणसाने ते बारीक अक्षरच मुख्य समजावे. पेडण्यात रुंदीकरणाच्या कामांतून रोज तुये-मोपाकडे ये-जा करणाऱ्यांनाही ते लागू आहे.

पावसाळ्यात रंग पालटतो. निचऱ्याच्या नळीत काळ्या तेलाऐवजी दुधाळ, पिवळसर, लोण्यासारखे काहीतरी दिसू लागते. तेल भरण्याच्या झाकणाच्या आतही तोच लेप असतो. हे पाहून ‘हेडमधून पाणी आत गेले’ असा निष्कर्ष काढला जातो. पण हवेने थंड होणाऱ्या इंजिनात आत जायला पाणी असतेच कुठे? ते पाणी पेट्रोलमधूनच येते. एक लिटर पेट्रोल पूर्ण जळले तर सुमारे एक लिटर पाणी तयार होते. बहुतेक वाफ होऊन सायलेन्सरमधून निघून जाते, पण रिंगांच्या कडेने निसटणाऱ्या वायूबरोबर थोडे क्रँककेसमध्येही उतरते. इंजिन चांगले तापले तर तेही वाफ होऊन ब्रीदरमधून बाहेर पडते. मुळगावहून डिचोलीच्या बाजारात जाऊन दहा मिनिटांत परत येणारी गाडी तेवढी तापतच नाही. वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडणाऱ्या प्रदेशात, भिजलेल्या थंड इंजिनावर, ती वाफ आतच गोठून पाणी होते, तेलात घुसळली जाते आणि त्याचे हे लोणी बनते.

हल्ली याचे खापर पेट्रोलमधल्या इथेनॉलवर फोडण्याची पद्धत पडली आहे. इथेनॉल हवेतील ओलावा शोषते हे खरे. परंतु एक लिटर इथेनॉल जळून तयार होणारे पाणी एक लिटर पेट्रोलपेक्षा किंचित कमीच भरते, आणि हा लोण्यासारखा लेप इथेनॉल येण्यापूर्वीही पावसाळ्यात होत होताच. दोष इंधनाचा नसून छोट्या फेऱ्यांचा आहे. आठवड्यातून एकदा तरी गाडी सलग वीस-पंचवीस मिनिटे चालवावी. शुक्रवारच्या बाजारासाठी अस्नोड्यावरून म्हापशाला जाऊन येणे यासाठी पुरेसे आहे. नुसती अंगणात उभी करून रेस देत बसण्याने हे साधत नाही, उलट शेजाऱ्यांचा रोष मात्र पदरी पडतो. दुधाळ लेप झाकणापुरता आणि नळीपुरता असेल तर पुसून टाकावा. तेलाच्या मोजपट्टीवरही तेल दुधाळ दिसत असेल तर मात्र तेल लगेच बदलावे, आणि गाडी पाण्याने थंड होणारी असेल तर कूलंट आत गळत नाही ना, हेही तपासून घ्यावे.

होंडाच्या अनेक मॉडेलांच्या पुस्तिकांत ब्रीदरच्या निचऱ्याच्या नळीची देखभाल वेगळी नोंदलेली असते. पावसात, पूर्ण थ्रॉटलवर चालवल्यास, गाडी धुतल्यावर किंवा पडल्यावर ती अधिक वेळा करावी आणि नळीच्या पारदर्शक भागात साठा दिसला की रिकामी करावी, असे तिथे सांगितलेले असते. ही नळी गाडीच्या पोटाखाली लोंबत असते, टोकाला छोटे बूच आणि क्लिप असते. एक फडके आणि एक जुनी बाटली एवढेच साहित्य पुरते. सर्व्हिसिंगच्या बिलात हे काम क्वचितच दिसते, कारण ते विचारणाराच कोणी नसतो.

पडलेल्या गाडीबद्दल दोन शब्द. आडवी पडल्यावर क्रँककेसमधले तेल ब्रीदरमधून उलटे वाहत एअरबॉक्समध्ये जाऊ शकते. गाडी उभी करून थोडा वेळ थांबावे, डबा उघडून साचलेले तेल पुसावे आणि मगच सुरू करावी. काही मिनिटे निळसर धूर आला तर घाबरण्याचे कारण नाही.

एअरबॉक्समध्ये तेल येण्याचे सर्वांत सामान्य कारण मात्र याहून साधे आहे. तेल जास्त भरलेले असते. थोडे जास्त असलेले बरे, अशी समजूत गॅरेजात आणि घरात सारखीच मुरलेली आहे. पातळी वर चढली की फिरणारे भाग तेलात आपटतात, त्याचा फेस होतो आणि ब्रीदर हवेबरोबर तो फेसच उपसू लागतो. जादा तेल एअरबॉक्समध्ये टाकून इंजिन स्वतःच हिशेब जुळवून घेते. पातळी मोजायची ती गाडी सपाट जमिनीवर मेन स्टँडला सरळ उभी करून. इंजिन काही मिनिटे चालवून बंद करावे, दोन-तीन मिनिटे तेल खाली उतरू द्यावे. साइड स्टँडवर कललेली गाडी चुकीचा आकडा सांगते. मोजपट्टी आट्यांची असेल तर ती पिळून बसवायची, की नुसती टेकवायची, हे प्रत्येक गाडीला वेगळे असते. हिरोच्या स्प्लेंडरसारख्या गाड्यांत ती नुसती टेकवून पाहायची असते. ती पिळून पाहणाऱ्याला तेल प्रत्यक्षापेक्षा जास्त दिसते. उलट, जिथे पिळून पाहायची तिथे नुसती टेकवली, की तेल कमी वाटते आणि वर शंभर मिलिलिटर ओतले जाते.

फिल्टर नवा आहे, पातळी बरोबर आहे, गाडी नियमित तापते आहे, तरीही दर आठवड्याला डबा भरतो आहे, अशा वेळी रिंगांचा संशय रास्त आहे. तेव्हाही इंजिन खोलण्याआधी कॉम्प्रेशन मोजून घेण्याचा आग्रह धरावा. एकदा मोजल्यावर प्लगच्या छिद्रातून चमचाभर तेल आत सोडून पुन्हा मोजतात. दुसऱ्यांदा आकडा ठळकपणे वाढला तर तेलाने रिंगांची फट तात्पुरती बुजवली असा अर्थ होतो, म्हणजे दोष रिंगांचा. वाढला नाही तर व्हॉल्व्हकडे पाहावे. सुरू इंजिनाच्या ब्रीदरच्या तोंडाशी हात धरल्यावर हवा आत-बाहेर धडधडणे हे एका सिलिंडरच्या गाडीत स्वाभाविक आहे. तिथून अखंड धूर बाहेर येत असेल, तर ते काळजीचे.

आता त्या ‘नळी बाहेर सोडण्या’च्या तोडग्याकडे येऊ. त्याची मोहिनी समजण्यासारखी आहे, कारण दुसऱ्या दिवसापासून एअरबॉक्स कोरडा दिसतो. पण पिस्टन वर जाताना क्रँककेस श्वास आतही घेते, हे आपण वर पाहिले. मोकळ्या सोडलेल्या नळीतून ती फिल्टर न झालेली हवा ओढते, आणि मुळगावच्या रस्त्यावर ती हवा लाल असते. म्हणजे जी धूळ फिल्टरपाशी अडत होती तिला आपण थेट तेलाच्या साठ्यात वाट करून दिली. पावसात साचलेल्या पाण्यातून गाडी घातली तर पाणीही त्याच वाटेने शिरेल. शिवाय मागच्या चाकावर ठिबकणारे तेल वळणावर काय करू शकते, ते सांगायला नको. बीएस-६ गाडीत हा फेरफार नियमबाह्य आहे, ते निराळेच.

नळीला बूच मारणे याहून वाईट. दाबाला वाट हवीच असते. ती मिळाली नाही की तो सीलमधून आणि पॅकिंगमधून वाट काढतो. क्लच कव्हरचे पॅकिंग दोनदा बदलूनही तेल गळत राहते तेव्हा पॅकिंगला दोष देण्याआधी ब्रीदर पाइप कुठे दुमडला आहे का, सीटखाली चेपला आहे का, लोण्यासारख्या घाणीने तुंबला आहे का, हे पाहावे. या कामाला फार तर पाच मिनिटे लागतात.

काही हौशी स्वार वाटेत तेल गोळा करणारा छोटा डबा बसवतात. लांब पल्ल्यावर वेगाने जाणाऱ्या मोठ्या गाडीला त्याचा उपयोग होतो, मात्र त्यात आडभिंती हव्यात, नळीचा व्यास मूळ नळीपेक्षा बारीक नसावा आणि डब्याची पुढची नळी पुन्हा एअरबॉक्सलाच जोडलेली असावी. तेल, पाणी आणि पेट्रोल यांचे जे मिश्रण त्यात जमते ते परत इंजिनात ओतायचे नसते. शंभर-सव्वाशे सीसीच्या रोजच्या गाडीला हा खर्च अनाठायी वाटतो. तेवढ्या पैशात दोन फिल्टर येतात.

दुर्लक्ष केले तर काय होते, हे कार्ब्युरेटरच्या जमान्यात लवकर कळत नसे. थोडे तेल जळून जाई, प्लग काळा होई, इतकेच. इंजेक्शनच्या गाडीत थ्रॉटल बॉडीच्या पाकळीभोवती तेलाचा चिकट थर बसतो आणि आयडलिंग डळमळते, गाडी सिग्नलला बंद पडते. जळालेल्या तेलातले फॉस्फरस सायलेन्सरमधल्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरला निकामी करत जाते. तो बदलण्याचा खर्च ऐकल्यावर नळीचे बूच किती वेळा उघडायला हवे होते याचा हिशेब आपोआप डोक्यात सुरू होतो. मुळगाव-शिरगावसारख्या भागात पावसाळ्यात महिन्यातून एकदा आणि धुळीच्या दिवसांत फिल्टर पाहताना दर वेळी, एवढे पुरे.

निचऱ्यातून निघालेले तेल गटारात सोडू नये. २०१६ च्या नियमांनुसार वापरलेले तेल धोकादायक कचऱ्यात मोडते, आणि आपल्याकडच्या वाड्यांवरचे गटार शेवटी कुणाच्या तरी वायंगणाच्या शेतातच जाते. ते बाटलीत साठवून पुढच्या सर्व्हिसिंगला गॅरेजातल्या जुन्या तेलाच्या पिंपात रिकामे करावे, आणि तेलाने भिजलेला फिल्टरही तिथेच द्यावा.